आईचे नाव, खिडकी क्रमांक दोन

कैरोच्या मुख्य कार्यालयातून आलेले पत्र उस्ताझ फिक्री अब्दुलबाकी यांनी तीनदा वाचले. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा बसून, आणि तिसऱ्यांदा चहाचा ग्लास बाजूला सारून. नव्या कायद्यानुसार कर्मचाऱ्यांची खाजगी माहिती सुरक्षित राखणे ही आता कंपनीची जबाबदारी आहे, आणि मन्सूऱ्याच्या इनॅमल भांड्यांच्या कारखान्यात ती आस्थापना विभागातल्या फिक्री यांच्यावर सोपवण्यात येत आहे, असे त्यात लिहिले होते. पगार वाढणार नव्हता. पदाला नाव मात्र मिळाले होते : माहिती संरक्षक.

आता या कारखान्यात संरक्षण करण्याजोगी माहिती शिल्लक होती का, हा अभ्यासाचा विषय आहे. भट्टीचा मुकादम उस्ता दसूकी याला मूळव्याध आहे, हे कारखान्यातल्या चारशे बारा माणसांना ठाऊक होते आणि त्यांतल्या निम्म्यांनी त्याला औषधही सुचवले होते. संगणक विभागातल्या मॅडम इनास यांचा साखरपुडा मोडणार, हे मॅडम इनास यांच्या दोन दिवस आधी चहावाल्या बयूमीकाकांना कळले होते. कोणाची साखर वाढली याची नोंद तर बयूमीकाकांना ठेवावीच लागे, कारण त्यावर चहात किती चमचे घालायचे ते ठरत असे. कोणाला त्यात काही गैर वाटत नसे. उलट एखाद्याने आजार लपवला, तर आपल्याला परके मानले म्हणून लोक महिनाभर रुसत.

लपवायची गोष्ट एकच होती. आईचे नाव.

पुरुषाच्या आईचे नाव घराच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही. ते शाळेतल्या पोरांच्या हाती लागले, तर पुढची दहा वर्षे गल्लीच्या टोकापर्यंत त्याचा गजर होतो. मोठेपणी कोणी गजर करत नाही, पण करू शकेल एवढे पुरते. लग्नपत्रिकेतही नवऱ्यामुलाच्या आईला नाव नसते, नुसती मातोश्री असते. बायकोची गोष्ट थोडी सैल. तरी फिक्रींच्या फोनवर बायकोचा नंबर ‘सरकार’ या नावाने साठवलेला होता.

फिक्रींच्या बाबतीत मामला जरा जास्त नाजूक होता. त्यांच्या आजीची पहिली तीन मुले दगावली. चौथीला कोणाची नजर लागू नये म्हणून तिचे नाव खेशा ठेवले. खेशा म्हणजे गोणपाट. उपाय लागू पडला. गोणपाट अठ्ठ्याहत्तर वर्षे टिकले होते आणि अजून सकाळी स्वतःचा चहा स्वतः करत होते. पण फिक्रींच्या फाइलमध्ये त्यांचा जन्मदाखला होता, जन्मदाखल्यावर ते नाव होते, आणि ती फाइल ज्या कपाटात होती त्याचे दार नीट लागत नव्हते. एकोणीस वर्षे फिक्री त्या दाराला खुर्चीची पाठ टेकवून बसले होते. माणसाचा कणा असा कामी येतो, हे डॉक्टरांना सांगूनही पटले नसते.

तेव्हा कैरोचे पत्र वाचून फिक्रींना वाटले, सरकारने हा कायदा आपल्यासाठीच केला आहे.

पहिल्या आठवड्यात कपाटाला कुलूप आले. किल्ली फिक्रींनी स्वतःकडे ठेवली नाही. जो नियम करतो त्याच्याच हाती किल्ली असू नये, असे परिपत्रक तीनमध्ये त्यांनीच लिहिले. किल्ली मिळाली खिडकी क्रमांक दोनवरच्या हिफ्नीला. हिफ्नीने पंधरा वर्षे ठोक-यंत्रावर काम केले होते आणि त्यात त्याचे दोन्ही कान अधू झाले होते. तीस वर्षांत त्याने कोणाची गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणाची गोष्ट त्याला ऐकूच गेली नव्हती. याहून सुरक्षित माणूस मन्सूऱ्यात सापडला नसता.

दुसऱ्या आठवड्यात फिक्रींनी जुन्या अर्जांच्या जास्तीच्या प्रती नष्ट करायला काढल्या. कागद फाडायचे यंत्र मागवायचे तर खरेदी समितीला तीन दरपत्रके लागतात, आणि समितीचे एक सभासद हजला गेले होते. म्हणून पाच पोती कागद बयूमीकाकांना देण्यात आले. जाळून टाका, असे सांगून.

बयूमीकाकांनी कागद पाहिले. एक बाजू स्वच्छ कोरी. असला कागद जाळणे म्हणजे पाप. त्यांनी पाचही पोती फाटकाबाहेर तअमियाचे वडे तळणाऱ्याला दिली आणि बदल्यात महिनाभर फुकट लोणचे ठरवून घेतले.

सोमवारी सकाळी भट्टीजवळ सगळे नाश्त्याला बसले असताना उस्ता दसूकीने आपली तअमिया-भाकरीची पुडी सोडली आणि तेलाने पारदर्शक झालेल्या कागदावर त्याला खरेदी विभागाच्या प्रमुखाचे नाव दिसले. त्याखाली वडिलांचे. त्याखाली आईचे. दसूकी एकशे दहा किलोचा माणूस, पण त्या क्षणी तो मांजराच्या चपळाईने वागला. शेजारचा वाकून बघायच्या आत त्याने कागद चुरगाळला आणि तअमियाबरोबर तोंडात टाकला. चावला. गिळला. मग मिशीवरचे तेल न पुसता तो थेट फिक्रींच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“उस्ताझ, आज एका भल्या माणसाची आई मी वाचवली.”

“म्हणजे काय झालं?”

“खाल्ली.”

“काय खाल्लं?”

“कागद हो! तुमच्या संरक्षणाचा! अजून पाच पोती आहेत बाहेर. सगळ्यांच्या आया मी एकटा खाऊ का? आधीच मला तो त्रास आहे, तुम्हाला माहितीय.”

फिक्रींना माहीत होते. सगळ्यांना माहीत होते. पोती दुपारपर्यंत परत आली, साडेचार भरली. उरलेले अर्धे पोते मन्सूऱ्याच्या जनतेने त्या दिवशी काय समजून वाचले, ते अल्ला जाणे. संध्याकाळी परिपत्रक पाच निघाले : यापुढे खिडकीवर काहीही लिहून द्यायचे नाही, लिहून घ्यायचे नाही. कागद हाच शत्रू.

पण मग खिडकीशी आलेला माणूस तोच आहे, हे ओळखायचे कसे? हिफ्नी चेहरे ओळखतो, पण चेहरा म्हणजे पुरावा नव्हे. या प्रश्नाने फिक्रींची झोप उडाली. शेवटी त्यांनी तो राहत्या इमारतीच्या जिन्यात तळमजल्यावरच्या हाज लुत्फी यांच्यापुढे मांडला. हाज लुत्फी निवृत्त भूगोल शिक्षक. इमारतीत पाण्याच्या पंपापासून जावयाच्या निवडीपर्यंत सगळ्यावर त्यांचा सल्ला चाले, आणि पंप अजून बंदच होता.

“यात काय अवघड आहे?” हाज लुत्फी म्हणाले. “बँकवाले मला फोनवर काय विचारतात? आईचं नाव.”

“आणि तुम्ही सांगता?”

“सांगतो म्हणजे असं नाही सांगत! न्हाणीघरात जातो, कडी लावतो, नळ पूर्ण सोडतो, आणि मग सांगतो. जावई सहा वर्षं टपून बसलाय. अजून पत्ता लागू दिला नाही.”

फिक्री जिन्यातच थांबले. परवलीचा शब्द कसा हवा? जो मालक कधी विसरणार नाही आणि दुसऱ्या कोणाला कधी कळणार नाही. असा शब्द या देशातल्या प्रत्येक पुरुषाकडे जन्मापासून आहे, आणि तो राखायची सवयसुद्धा आहे. युक्तिवाद निर्दोष होता. त्यात एकच गोष्ट धरायची राहिली. हाज लुत्फी ते नाव नळाला सांगत होते. खिडकी क्रमांक दोनसमोर नळ नव्हता, रांग होती. आणि रांगेतला दुसरा माणूस पहिल्याच्या खांद्यापासून चाळीस सेंटिमीटरवर उभा राहत होता.

परिपत्रक सात शनिवारी लागले. रजा, दाखला, विम्याचे पत्र, काहीही हवे असल्यास कर्मचाऱ्याने स्वतः येऊन स्वतःच्या तोंडाने आईचे नाव सांगावे. हिफ्नी ते फाइलशी ताडून पाहील. तीनदा चुकल्यास फाइल तीस दिवस बंद. खाली फिक्रींची सही, ठळक.

त्या दिवशी खिडकीपुढे सतरा जण होते. खिडकी उघडली आणि सतराही जणांना एकदम सौजन्य सुचले.

“तुम्ही आधी, उस्ता.”

“छे, छे. तुम्ही. वयानं मोठे तुम्ही.”

“वल्लाही, मी तुमच्या आधी जाणार नाही!”

“माझ्या मुलांची शपथ, तुम्हीच!”

पाऊण तासाने एक रंगारी धीर करून पुढे झाला आणि खिडकीच्या जाळीला ओठ लावून काही पुटपुटला.

“मोठ्यानं!” हिफ्नी गरजला. बहिरा माणूस बोलतोही तसाच.

रंगाऱ्याने मागे पाहिले. सोळा जण छताकडे बघत होते, पण सोळांचेही कान बघत होते. “मला रजा नको,” रंगारी म्हणाला. “बहिणीचं लग्न काय, पुढच्या वर्षीही होईल.”

मॅडम इनास आल्या, आईचे नाव खणखणीत सांगितले, दाखला घेतला आणि जाता जाता रांगेला म्हणाल्या, “बघा. जिवंत आहे मी.”

बायकांची कामे होत राहिली. पुरुषांनी मात्र बारा दिवसांत एकही रजा घेतली नाही. एकजण एकशे दोन ताप घेऊन भट्टीवर उभा राहिला; तिथे त्याच्यात आणि भट्टीत फरक कळत नव्हता, म्हणून निभले. पुरुषांची उपस्थिती शंभर टक्क्यांवर गेली. कैरोहून अभिनंदनाचे पत्र आले आणि ही पद्धत इतर कारखान्यांनीही अभ्यासावी, असे त्यात सुचवले. फिक्रींनी ते पत्र चौकटीत लावले. फक्त बयूमीकाका त्यांना चहा देताना ग्लास जरा जोराने ठेवू लागले होते.

फिक्रींनाही खिडकीवर काम होते. ते रोज उद्यावर ढकलत होते.

त्यांच्या आईला मोतीबिंदू होता. उजवा डोळा केव्हाच गेला होता आणि डावा पिकला होता. शेगडी पेटली की नाही, हे ती आता हाताने चाचपून बघायची. गेल्या शुक्रवारी तिची तीन बोटे भाजली. शस्त्रक्रिया विम्यात बसत होती. डॉक्टर कैरोहून महिन्यातून एका बुधवारी येत, आणि कारखान्याचे पत्र त्या दिवशी दुपारी एकच्या आत दवाखान्यात पोचले नाही, तर पुढचा महिना. “पुढच्या महिन्याचं मी सांगू शकत नाही,” डॉक्टर म्हणाले होते, “डोळा माझ्या तारखा पाळत नाही.”

बुधवार उजाडला. आईला हाज लुत्फींबरोबर दवाखान्यात बसवून, टाळता येईल तेवढे टाळून, पावणेबाराला फिक्री खिडकी क्रमांक दोनपुढे उभे राहिले. मागे अकरा माणसे होती. ती काही मागायला आली नव्हती, एखादा तरी पुढे जातो का ते बघायला रोज येऊन उभी राहत. दसूकीही होता.

“आईचं नाव?” हिफ्नी म्हणाला.

“हिफ्नी, अरे मी आहे. फिक्री.”

“दिसतंय. कान गेलेत माझे, डोळे ठीक आहेत. आईचं नाव?”

“जरा आतून येऊ का मी?”

“कलम दोन. खिडकीवरच.”

फिक्रींनी रुमालाने कपाळ पुसले. एकोणीस वर्षे कपाटाला टेकून काढलेला माणूस एका क्षणात कसा बोलणार? त्यांच्या तोंडून निघाले, “सुआद.”

मागून कोणीतरी कौतुकाने म्हणाले, “छान नाव आहे.”

हिफ्नीने फाइल उघडली, बोट फिरवले, फाइल मिटली. “चूक. दोन संधी उरल्या.”

आता खरे नाव सांगावे, तर आधीचे खोटे होते हे उघड. आणि खोटे रेटावे, तर... डोके चालेना. माणूस घाबरला की पहिल्या चुकीलाच धरून बसतो. “मॅडम सुआद,” ते म्हणाले.

“मॅडम लावल्यानं बरोबर होत नाही, उस्ताझ. चूक. एकच संधी. मग तीस दिवस. परिपत्रक सात, कलम चार, सही तुमचीच.”

“हिफ्नी, माझ्या आईच्या डोळ्याचा प्रश्न आहे रे!”

“मोठ्यानं!”

“डोळा! आईचा डोळा!”

“डोळा नकोय मला. नाव सांगा.”

एवढ्यात फाटकाकडून टुकटुक रिक्षाचा आवाज आला. दवाखान्याच्या बाकावर दीड तास वाट बघून कंटाळलेली फिक्रींची आई हाज लुत्फींच्या दंडाला धरून आत येत होती. पायघोळ काळी गलाबिया, काळा चष्मा, भाजलेल्या बोटांना टूथपेस्ट. रांग दुभंगली. अकरा जणांनी सलाम केला. बयूमीकाकांनी खुर्ची आणली.

“फिक्री, अरे पत्र आहे की पिरॅमिड? किती वेळ?”

“झालंच, यम्मा. तू बस.”

“कसलं झालं!” जाळीमागून हिफ्नी गरजला. “तुमच्या मुलाला तुमचं नाव येत नाही, हाजा! दोनदा विचारलं, दोन्ही वेळा सुआद म्हणाला!”

काळा चष्मा सावकाश फिक्रींकडे वळला.

“सुआद? कोण सुआद?”

“कोणी नाही, यम्मा.”

“कोणी नाही ती तुझी आई झाली? अरे, मी नऊ महिने...”

“तसं नाही गं. लोक आहेत इथं.”

“मग? लोकांना आया नाहीत?” ती खुर्चीत ताठ झाली. “हे बघा साहेब, मीच सांगते. माझं नाव...”

त्यासरशी अकरा पुरुषांनी अकरा जोड्या बोटे कानांत घातली. हाज लुत्फींनी डोळेसुद्धा मिटले. एका भल्या बाईचे नाव आपल्या कानांवर पडू नये, म्हणून भट्टीचा मुकादम भिंतीकडे तोंड करून मोठ्याने खोकू लागला.

“तुम्ही नाही, हाजा!” हिफ्नी म्हणाला. “कर्मचाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं. कलम एक!”

म्हातारीने काळा चष्मा पुन्हा फिक्रींकडे वळवला. मग जरा हळू म्हणाली, “तुझा बाप जाऊन एकवीस वर्षं झाली, फिक्री. तेव्हापासून मला कोणी नावानं हाक मारलेली नाही. उम्म फिक्री, फिक्रीची आई म्हणतात, हाजा म्हणतात, बसमध्ये आजी म्हणतात. मी कधी काही बोलले? पण दुसरी कोणी आणून माझ्या जागी बसवायची, हे मात्र नाही हं चालणार.”

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटे झाली होती. फिक्रींनी आईच्या बोटांवरच्या टूथपेस्टकडे पाहिले. मग जाळी दोन्ही हातांनी धरली.

“खेशा,” ते म्हणाले.

“मोठ्यानं!”

“खेशा! माझ्या आईचं नाव खेशा! खेशा अब्दुलमौला!”

पलीकडच्या कोठीत पातेल्यांचा ढीग रचलेला होता. इनॅमल आवाज चांगला परतवते. नाव तिथे गेले आणि जरासे मोठे होऊन परत आले.

हिफ्नीने फाइलवर बोट फिरवले. “बरोबर,” तो म्हणाला आणि टंकयंत्र पुढे ओढले.

फिक्री हसण्याची वाट बघत उभे राहिले. शेवटच्या टोकाला कोणीतरी नाकातून फिस्स केले. दसूकीने फक्त मान वळवून तिकडे पाहिले आणि त्या नाकाला सर्दी झाली. मग तो खुर्चीपुढे आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “हाजा खेशा, अल्ला तुमच्या डोळ्यांत उजेड घालो.”

“आमीन,” सगळे म्हणाले.

म्हातारीने कान पुढे केला. “परत म्हण.”

“हाजा खेशा.”

“छान म्हणतोस. तू कोणाचा रे?”

“मी दसूकी. भट्टीवरचा.”

“ते झालं. आईचं नाव काय तुझ्या?”

एकशे दहा किलोचा माणूस कानापर्यंत लाल झाला. पण म्हाताऱ्या बाईने विचारले, तर नाही कसे म्हणायचे? तो गुडघ्यांवर बसला, तिच्या कानाशी तोंड नेले आणि काही सांगितले.

“अगंबाई!” ती म्हणाली. “इतकं गोड! आणि हे लपवतोस?”

हिफ्नी दोन बोटांनी टंकलेखन करतो, त्यामुळे पत्राला सतरा मिनिटे लागली. तेवढ्या वेळात खिडकीपुढची रांग खुर्चीपुढे वळली. एकेक जण बसे, कानात बोले आणि हलका होऊन उठे. तापवाल्याने तर तिला सांगितल्यावर तसाच जाऊन हिफ्नीलाही ओरडून सांगितले आणि बारा दिवसांतली पहिली रजा घेतली. रंगारी बहिणीच्या लग्नाचे बघू म्हणाला. हाज लुत्फीसुद्धा, नळ नसताना, वाकले.

पत्र बारा पन्नासला दवाखान्यात पोचले. शिक्का बसला. परिचारिकेने म्हातारीच्या डोळ्यात थेंब घातले, वीस मिनिटे बसायला सांगितले, आणि मायलेक भिंतीला टेकून बाकावर बसले.

फिक्रींचे लक्ष मात्र तिच्या डोळ्याकडे नव्हते. गेली पाच मिनिटे ते चुळबुळ करत होते. कारखान्यातल्या सगळ्या माहितीचा मी संरक्षक, त्यांच्या मनात येत होते. मला ठाऊक असणे हे एका अर्थी कामकाजाचेच आहे.

“यम्मा,” ते शेवटी म्हणाले, “त्या दसूकीच्या आईचं नाव काय गं?”

म्हातारीने डोळ्यावरचा कापूस नीट केला.

“तुला काय करायचंय? त्यानं ते माझ्या कानात सांगितलंय.”